हात थरथरतो म्हणून शिक्षण सोडायचं?

प्रश्न : मुलगी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, दातात कॅव्हिटी (भरणासाठीचा खड्डा) कापताना तिचा हात थरथरतो. तीनदा काम परत आलं. ‘तुझ्या हाताला वळणच नाही,’ असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. मी रोज रात्री दोन तास समोर बसून तिच्याकडून मेणाचे दात कोरून घेतो. उपजत हातच नसेल तर आत्ताच दुसरीकडे वळवावं का? – एक वडील

उत्तर : मला तिच्या हातापेक्षा तुमच्या त्या दोन तासांची काळजी वाटते. कॉलेजात काम नापास होतं आणि घरी आल्यावर वडीलच परीक्षक होऊन समोर बसतात. कोणी रोखून पाहत असलं की नवशिक्याची पकड आवळते, आणि आवळलेला हात जास्तच थरथरतो. ते दोन तास आजपासून बंद करा. तुमची तळमळ कळते, पण तिला घरात एक तरी जागा हवी, जिथे दाताचा विषय निघत नाही.

‘उपजत हात’ हा समज डोक्यातून काढा. खऱ्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, एकदा कापलं की पुन्हा तयार होत नाही, म्हणून तर आधी फँटम हेडवर चुकायचं असतं. आणि या चुकांना बहुधा साधी कारणं असतात. अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली नसते. खुर्ची चुकीच्या उंचीवर असते. माउथ मिररमध्ये पुढचं-मागचं उलटं दिसतं, ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. एअररोटर, म्हणजे दात कोरायचा ड्रिल, मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो. तो अलगद फिरवायचा असतो, घाबरलेलं मूल नेमकं दाबतं. यातलं काय चुकतंय ते शेजारी बसून दाखवणं हे शिक्षकाचं काम. ‘वळण नाही’ हा शेरा झाला, शिकवणं नव्हे.

शल्यचिकित्सक पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेली, हातातलं कौशल्य शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत आहे : शिक्षक आधी न बोलता करून दाखवतो, मग समजावत करतो, नंतर विद्यार्थी सांगेल तसं शिक्षक करतो, आणि शेवटी विद्यार्थी स्वतः करतो. तिसरी पायरी बहुतेकदा गाळली जाते, आणि गोंधळ कुठे आहे ते तिथेच उघडं पडतं. तिने सरांकडे, नाहीतर ज्यांची भीती वाटत नाही अशा दुसऱ्या शिक्षकांकडे, एवढंच मागावं : ‘मी सांगते, तुम्ही करा.’

ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या रोगांचा अभ्यास), रेडिओलॉजी (एक्स-रेवरून निदान), सार्वजनिक दंतआरोग्य या हातकाम कमी असलेल्या वाटा पुढे आहेतच. आज तो विषय नको.

तुमच्या पत्रात सरांचं वाक्य आहे, तुमचा बेत आहे. मुलीचं म्हणणं मात्र कुठेच नाही. तिला दंतवैद्य व्हायचंय का, हे आधी तिला विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. त्यानंतर हवं तर तिलाच मला लिहू द्या.