पिक्सेल लायटिंग: आधी पॉवरचा हिशेब, मग कंट्रोलर

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या घराच्या २० फुटी गॅलरीला आणि दारावरच्या चांदणीला यंदा नाताळात पिक्सेल, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणारे एलईडी दिवे, लावायचेत, कंट्रोलर कुठला घेऊ आणि कोडिंग येत नाही तर जमेल का, असं तुम्ही विचारलंय. कोडिंगची काळजी सोडा राव, ते लागतच नाही. ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड घ्या, हाच तुमचा कंट्रोलर. लॅपटॉपला जोडा आणि ब्राउझरमधूनच त्यात डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे. पुढं सगळं मोबाइलवरून, शंभरावर इफेक्ट तयार मिळतात. कंट्रोलरचा विषय एवढाच. नवी माणसं अडकतात ती वायरीत आणि सप्लायमध्ये.

बाहेर लावायचं तर एलईडी पट्टीपेक्षा बुलेट पिक्सेल, म्हणजे वायरीवर ओवलेले सुटे दिवे, बरे. १२ व्होल्टची, डब्ल्यूएस२८११ चिपची माळ घ्या, बहुतेक ५० च्या सरात येते. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी, प्रत्येकी साधारण २० मिलिअँपिअर. म्हणजे फुल्ल पांढऱ्यावर ६० धरायचे. चार-चार इंचावर एक म्हटलं तर गॅलरीला ६०, चांदणीला ४०. शंभर पिक्सेल, ६ अँपिअर, ७२ वॅट. १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय, घेतला की निवांत. सप्लाय कायम ८० टक्क्यांच्या आत चालवायचा.

५ व्होल्टची माळ वॅट कमी खाते, पण वायरीत व्होल्टेज पडलेलं तिच्यात लगेच दिसतं. लांब माळेला फुल्ल पांढरा लावून बघा: सुरुवातीला पांढरंशुभ्र, मध्ये पिवळसर, शेवटाला विटकरी. निळ्या-हिरव्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालचं २ वर भागतं, म्हणून निळा आधी मरतो. माळ खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. सप्लायवरून जाड वायर आणून शेवटच्या टोकालाही पॉवर द्या, याला पॉवर इंजेक्शन म्हणतात. ५ व्होल्टला ५० पिक्सेलनंतरच गरज पडते, १२ ला शंभरापर्यंत बहुधा निभावतं. आणि खरं सांगायचं तर ब्राइटनेस ३०-४० टक्क्यांवरच ठेवा. फुल्लवर शेजारी झोपणार नाहीत, आणि रंगही फिके वाटतात.

डेटाची, म्हणजे बोर्डाकडून माळेत जाणाऱ्या सिग्नलची, दिशा ठरलेली असते. माळ उलट्या टोकानं जोडली तर एकही पिक्सेल पेटत नाही. बोर्डला वेगळा चार्जर लावला असेल तर त्याची निगेटिव्ह आणि एसएमपीएसची निगेटिव्ह एकत्र बांधा. हे राहिलं की पिक्सेल वाट्टेल तसे लुकलुकतात आणि माणूस रात्रभर सेटिंग बदलत बसतो. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पिक्सेलमधल्या चिपला ३.५ तरी हवा असतो. हातभर वायरीला चालून जातं. पण बोर्ड हॉलमध्ये आणि पहिला पिक्सेल गॅलरीत, असं असेल तर बोर्डाजवळ ७४एएचसीटी१२५ ही सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारी चिप घाला. लाल निवडल्यावर हिरवा लागला तर घाबरू नका, सेटिंगमध्ये रंगांचा क्रम बदलला की झालं.

एसएमपीएसच्या उघड्या स्क्रूंवर २३० व्होल्ट असतात. तो झाकणाच्या डब्यात, अर्थिंगसकट, वायरमनकडूनच बसवून घ्या. यात काटकसर नको. डिसेंबरात आपल्याकडं फार तर दव पडतं, पण याच माळा पुढं गणपतीला काढणार असाल तर भर पावसाचा हिशेब धरून आयपी६७ या वॉटरप्रूफ दर्जाच्या घ्या आणि जोडांनाही वॉटरप्रूफ कनेक्टर लावा. लाइट जाऊन आली की ठरलेला इफेक्ट आपोआप सुरू व्हावा म्हणून डब्ल्यूएलईडीत बूट प्रीसेट, म्हणजे चालू होताच लागणारा इफेक्ट, ठरवून ठेवा.

गाण्यावर नाचणारा शो म्हणाल तर त्यासाठी एक्सलाइट्स हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, आणि वायफायवरून याच बोर्डाला डेटा पाठवतं. पण तीन मिनिटांचं एक गाणं नीट बसवायला नवख्याला कित्येक संध्याकाळी जातात. यंदा तयार इफेक्टवर भागवा, एक्सलाइट्स जानेवारीत उघडा.