बक्षिसाच्या पाकिटाआधी मोकळा तास

प्रश्न : बाई, भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी जूनपासून मुख्याध्यापक आहे. दहावीचा निकाल यंदा घसरला, गणितात जास्तच. ज्याच्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागेल त्या शिक्षकाला रोख बक्षीस जाहीर करा, असं संस्थाचालक म्हणतात. स्टाफरूममध्ये उत्साह म्हणून नाही, घंटा झाली की सगळे स्टेशनकडे पळतात. बक्षिसाने फरक पडेल का?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : सर, शंभर टक्क्यांवर बक्षीस लावलंत तर काय होईल ते परळच्या शाळेत मुख्याध्यापिका होते तेव्हापासून मला पाठ आहे. पस्तीसच्या काठावरच्या मुलांवर सगळा जोर लागेल, नव्वदवाल्याकडे कुणी बघणार नाही, आणि नववीतल्या कच्च्या पोरांना हळूच सतरा नंबरच्या फॉर्मचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा रस्ता दाखवला जाईल. निकाल वर जाईल, गणित तिथेच राहील.

पैशाने काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आंध्रच्या ग्रामीण सरकारी शाळांत अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी असा प्रयोग केला, त्यात मुलांचे गुण खरोखर वाढले. पण तिथे बोनस मुलं आधीपेक्षा किती पुढे गेली यावर होता, किती पास झाली यावर नव्हता. उलट अमेरिकेत नॅशव्हिलला गणिताच्या शिक्षकांना 15,000 डॉलरपर्यंत बोनस देऊ केला, तरी एकंदर गुणांत म्हणावा असा फरक दिसला नाही. ‘अ’ तुकडी ज्याच्या वाट्याला आली त्याला पाकीट, ही तुमच्या संस्थेची योजना या दोन्हींपेक्षा वाईट.

मुख्याध्यापकाचा हात मुलांपर्यंत पोचतो तो शिक्षकामार्फतच. न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापक स्वतः उतरतो तिथे मुलांच्या निकालावर सर्वांत मोठा परिणाम दिसला. उतरतो म्हणजे भाषण देत नाही, बसतो.

तेव्हा वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसा. तासाच्या निरीक्षणाचं लॉगबुक केबिनमध्ये ठेवा. ते हातात दिसलं की शिक्षक मुलांसाठी शिकवायचं सोडून तुमच्यासाठी शिकवतो. शेजारच्या मुलाची वही बघा. आमच्याकडे भूमितीचे एक उत्तम सर होते, फळा बघत राहावा असा. वह्या बघितल्या तर मुलांचं सगळं अडत होतं ते अपूर्णांकाच्या भागाकारात, म्हणजे सहावीत! सरांना दोष देऊन काय उपयोग? सहावीच्या बाई आणि ते असे दोघांना एका टेबलाशी बसवलं. दहावीच्या जादा तासांपेक्षा त्या बैठकांनी जास्त काम केलं.

या बैठका शाळा सुटल्यावर नकोत. बदलापूर-टिटवाळ्याचा माणूस गाडीची वेळ बघत बसलेला असतो. त्याला तुम्ही निरुत्साही म्हणता, मी म्हणणार नाही. वेळापत्रकातच एका विषयाच्या शिक्षकांचा मोकळा तास एकत्र काढा, आणि त्या तासाला कुणालाही बदली तासावर पाठवू नका. वेळापत्रक करणारे पर्यवेक्षक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आता मोकळे तास जातात कुठे ते बघा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांची कामं तुम्हाला टळायची नाहीत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येच शिक्षकांना ती कामं देण्याची मुभा आहे. पण यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरणं, आधारच्या चुका दुरुस्त करणं, वर्गणी गोळा करणं हे गणिताच्या सरांनी का करायचं? ‘त्यांना कॉम्प्युटर येतो’ हे कारण मी फार ऐकलंय. ज्याला येतं त्याच्याच डोक्यावर सगळं, आणि वर त्यालाच विचारायचं, उत्साह का नाही!

जमल्यास एक तुकडी स्वतः घ्या, तीही ‘क’. पेपर तपासायला बसाल तेव्हा स्टाफरूमची भाषा आपोआप कळेल.

संस्थाचालकांना नकार कळवू नका, देताहेत ते पैसे घ्या. त्यातून परीक्षांच्या महिन्यांपुरता माहिती भरणारा एक माणूस मागा, आणि उरले तर सहावीच्या वर्गाला अपूर्णांकांचं साहित्य.