मेकागॉडझिलाच्या मूर्तींसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: माझं वय 34. हातात पगार 92,000 रुपये येतो, गृहकर्जाचा हप्ता धरून महिन्याचा खर्च 78,000 आहे. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी 3 वर्षांची आहे. बँकेत 6 लाखांची एफडी आहे, बाकी शिल्लक नाही. मेकागॉडझिला, मेकॅनी-काँग अशा जपानी चित्रपटांतल्या यांत्रिक श्वापदांच्या छोट्या रंगवलेल्या मूर्ती जमवायचा मला नाद आहे. बंगळुरूचे एक संग्राहक परदेशी स्थायिक होतायत. ते 22 मूर्ती 4 लाख 20 हजारांना एकगठ्ठा देतायत. जुन्या मूर्तींचे भाव चढतच असतात, मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकता येतील. एफडी मोडू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही, एफडी मोडू नका. पण छंद सोडा असंही मी म्हणणार नाही.

तुमच्या घरात एकच पगार येतो. अशा घरात किमान 6 महिन्यांचा खर्च हाताशी हवा, तुमच्या बाबतीत 4 लाख 68 हजार. म्हणजे 6 लाखांतले खरोखर मोकळे फक्त 1 लाख 32 हजार. हा व्यवहार केलात तर एफडीत 1 लाख 80 हजार उरतील, त्यात सव्वादोन महिने निघतील. मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला फटका वेगळाच. तुमच्या पत्रात टर्म विम्याचाही उल्लेख नाही. नसेल, तर पहिला मान त्याचा.

आता ‘भाव चढतच असतात’ याकडे वळू. 4 लाख 20 हजार साडेसहा टक्क्यांच्या एफडीत 5 वर्षं राहिले, तर करापूर्वी साधारण 5 लाख 75 हजार होतात. मूर्ती विकताना गिऱ्हाईक बहुधा जपानात किंवा अमेरिकेत भेटणार. लिलाव-संकेतस्थळाचं कमिशन, पॅकिंग, कुरियर, चलन बदलण्याचा खर्च मिळून 20 टक्के धरा. मग हातात 5 लाख 75 हजार पडायला विक्री सुमारे 7 लाख 19 हजारांना व्हायला हवी. म्हणजे सगळ्या 22 मूर्तींचा भाव सरासरी 71 टक्के चढला, तर कुठे एफडीशी बरोबरी. काहींचा चढेलही. सगळ्यांचा चढेल असं धरून मुलीच्या फीचं नियोजन करू नका. सोन्याची बांगडी घेऊन तुम्ही कुठल्याही सराफाकडे गेलात तरी त्या दिवसाच्या भावाच्या आधाराने पैसे मिळतात. मूर्तीला तसा भाव नसतो, तो गिऱ्हाईक मिळालं की ठरतो.

शिवाय ‘जुनी’ म्हणजे नेमकी किती जुनी? मेकागॉडझिला पडद्यावर आला 1974 मध्ये. त्या काळात बुलमार्क या जपानी खेळणी-कंपनीने काढलेल्या पोकळ मऊ व्हिनाइलच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) मूर्तींना खरी मागणी आहे, कारण 1977 मध्ये ती कंपनीच बंद पडली. बांदाई या दुसऱ्या खेळणी-कंपनीची चित्रपट-राक्षसांची मालिका 1983 पासून सुरू आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच मूर्ती हजारोंनी निघाल्या. त्यातही जुन्या साच्यातून नवी आवृत्ती निघाली की मूळ मूर्तीचा भाव बसू शकतो. तुमच्या 22 पैकी कुठल्या किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडकलाय.

म्हणून विक्रेत्याकडून प्रत्येक मूर्तीचे फोटो मागवा आणि पहिला फोटो तळपायाचा मागा. कंपनीची खूण, तोहो या चित्रपट-कंपनीचा हक्कदर्शक (कॉपीराइट) ठसा आणि साल बहुतेक वेळा तिथेच असतं. सालही जपून वाचा. ते बऱ्याचदा हक्काचं साल असतं, मूर्ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते. दुसरा फोटो हात, पाय आणि शेपटीच्या सांध्यांचा. हे भाग वेगवेगळे ओतून बसवलेले असतात, त्यामुळे तुटलेला हात दुसऱ्या मूर्तीचा लावणं सोपं जातं. सांध्याच्या दोन बाजूंच्या व्हिनाइलच्या रंगात फरक दिसला तर विचारा. मेकागॉडझिलाचा चंदेरी रंग छातीच्या उंचवट्यावर आणि बोटांच्या टोकांवर आधी घासला जातो. पन्नास वर्षांच्या मूर्तीवर तिथे रंग अगदी अखंड असेल, तर तो नंतर मारलेला असण्याची शंका घ्या. अतिनील दिव्याखाली नवा रंग अनेकदा वेगळा चमकतो. कागदी टॅग शाबूत असला तर किंमत वाढते.

आणखी एक, आपल्याकडच्या हवेचं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य उष्णतेने हळूहळू बाहेर येतं, मूर्ती चिकट लागते, तिच्यावर धूळ बसते. ठाण्याच्या पश्चिमेकडच्या खिडकीत ठेवलेली मूर्ती दहा वर्षांत तशीच राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

किंमत पडताळताना मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. ईबेवर आणि याहू जपानच्या लिलावांत झालेले व्यवहार पाहता येतात. टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेमधलं मांदाराके हे जुन्या संग्रह-वस्तूंचं प्रसिद्ध दुकान. तिथली किंमत ही दुकानदाराची विक्रीची किंमत असते. तुम्ही विकायला गेलात तर त्याहून कमीच मिळेल.

कराचंही लक्षात असू द्या. घरगुती वापराच्या वस्तू विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही, पण शिल्पं आणि कलाकृती या सवलतीतून वगळलेल्या आहेत. तुमची मूर्ती खेळणं की शिल्प, यावर वाद होऊ शकतो. शिल्प ठरली आणि 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकली तर नफ्यावर 12.5 टक्के अधिक सेस. सारखी खरेदी-विक्री केलीत तर तो धंदा समजला जाईल. पावत्या जपा, विकण्याआधी सीएंशी बोला.

तुमच्या जागी मी काय करेन? महिन्याला 14,000 उरतात. त्यातले 8,000 मुलीच्या नावाने इंडेक्स फंडाच्या एसआयपीत, 3,000 छंदाला, बाकी विमा आणि अडीअडचणीला. आत्ता मोकळ्या रकमेतून जास्तीत जास्त 50,000 काढा आणि 22 मधल्या सगळ्यात आवडत्या दोन-तीन मूर्ती घ्या. घरच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य लिहा, म्हणजे उद्या भाव पडला तरी मुलीच्या शाळेला झळ लागणार नाही आणि मूर्ती तुम्हाला निवांत बघता येतील. हे पत्नीलाही दाखवा. एफडी दोघांची आहे.

विक्रेत्याला आजच कळवा की पूर्ण संच जमणार नाही, सुट्या द्याल का. त्यांना निघायची घाई आहे, ते ऐकतील असं मला वाटतं.