शिबिराच्या आधी ओढा बघून ये

प्रिय शिबीरप्रमुखास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची तुझी कामांची यादी मिळाली. शिधा, शाळेच्या खोल्यांची परवानगी, अवजारं, पथनाट्य, ग्रामसर्वेक्षणाचे फॉर्म, राजगडाचा एक दिवस. जवळजवळ प्रत्येक कामापुढे तुझंच नाव आहे. हे सगळं तू नीट पार पाडशील याची मला खात्री आहे आणि काळजी वाटते ती त्याचीच. शिबीर झकास होईल, पन्नास मुलं-मुली सात दिवस तू सांगशील ते करतील आणि जशी आली तशी घरी जातील.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत सेवेचे 240 तास आणि एक विशेष शिबीर हा हिशेब तुला पाठ आहेच. तास सगळ्यांचेच भरतात. वाढीव गुणांसाठी येणारे असतात, मित्र आला म्हणून येणारे असतात. त्यांना हिणवू नकोस. एखादं काम पूर्णपणे त्यांच्या अंगावर पडलं, की त्यांच्यातलेच काही जण असे उभे राहतात की आपण बघत राहावं. ते अंगावर पडू देणं, हे तुझं काम.

श्रमदानाला तू वनराई बंधारा धरला आहेस. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि पाणी अडवायला विटांसारखे सांधे चुकवत ओढ्यात आडवी भिंत रचायची. तंत्र सोपं आणि जवळपास फुकटातलं. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने ते गावोगावी नेलं. पण या बंधाऱ्याला वाहतं पाणी लागतं. पाऊस ओसरला आणि ओढ्याची धार अजून जिवंत आहे, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो घालायचा असतो. आपलं शिबीर परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबरअखेरीला किंवा जानेवारीत. तारीख परीक्षेचं वेळापत्रक ठरवतं, ओढ्याला कोण विचारतो! कोरड्या ओढ्यात फोटोपुरते उभे राहिलेले बंधारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पुढच्या पावसात माती वाहून जाते आणि गोण्यांच्या चिंध्या खालच्या शेतकऱ्याच्या बांधाला अडकून बसतात.

म्हणून येत्या रविवारी गावात जाऊन ये. एकटी जाऊ नकोस आणि तुझ्या नेहमीच्या दोघी मैत्रिणींनाही नेऊ नकोस. बैठकीत मागे बसून एक शब्द न बोलणारे दोघे-तिघे ने आणि गावकऱ्यांशी त्यांनाच बोलू दे. सरपंचांना भेटायचंच, पण विहीर कोणत्या महिन्यात तळाला जाते हे पाणी भरणाऱ्या बायका जास्त नेमकं सांगतील. ओढा कुठे अरुंद होतो, काठ कुठे पक्का आहे, पाणी अडलं तर कुणाच्या शेतात शिरेल, हे गुराख्याला ठाऊक असतं. धार आटली असेल तर बंधारा सोडून द्या. जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढता येईल, उतारावर पाणी जिरवणारे आडवे, समतल चर खणता येतील. गाव कदाचित म्हणेल, ‘आम्हाला शाळेची संरक्षक भिंत हवी.’ मग तेच. कार्यक्रमपत्रिका छापून झाली असली तरी.

स्वयंपाकाच्या समितीत तू सगळ्या मुली घातल्या आहेस आणि कुदळ-फावड्याला सगळी मुलं. हे तू मुद्दाम केलं नसणार, हात आपोआप तसा चालतो. रोज पाळी बदल. भात करपेल, पोळ्यांचे नकाशे होतील, चालेल. पहिल्या दिवशी हाताला फोड येतील तेव्हा घमेली हातोहात देणारी साखळी लावा. दमणारा आणि जोरकस असे आलटून पालटून उभे केले, की कोणी वेगळं काढल्यासारखं दिसत नाही.

आता राजगड. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट शेवटी चांगलीच खडी आहे. पालीची पायऱ्यांची वाट त्या मानाने सोपी. नवखे बरेच असतील तर पालीनेच जा. सर्वांत पुढे तू नको. पुढे वाट माहीत असलेला गावातला माणूस, त्याचं मानधन आधी ठरवून. सर्वांत मागे दमाचा आणि न कुरकुरणारा एक जण, ज्याच्या मागे कोणीही राहणार नाही. तू मध्ये. उजेड सहाच्या सुमारास जातो, म्हणून परत फिरायची वेळ पायथ्याशीच सगळ्यांसमोर ठरवा आणि घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दे. त्याने ‘फिरा’ म्हटलं की तूही फिरायचंस, बालेकिल्ला समोर दिसत असला तरी. कोणी रुसलं तर रुसू दे. आग्या मोहोळाचा धोका सगळ्यांना सांग: अत्तर-परफ्यूम नको, धूर नको, आरडाओरडा नको. 108ची रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते आणि मोबाइलला रेंज कोणत्या वळणावर मिळते, हे आदल्या दिवशीच विचारून ठेव. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं असले उद्योग नकोत. माणसाला शांत ठेवून, चालू न देता, थेट सरकारी रुग्णालय.

रात्रीची आढावा बैठक तू घेऊ नकोस. रोज नवा जण घेईल. पहिली रात्र रटाळ होईल, कोणी तरी तासभर आभार मानेल, आणि तुला मध्ये बोलायची अनिवार इच्छा होईल. वही काढ आणि लिहीत बस. तिसऱ्या-चौथ्या रात्री मुलं एकमेकांना खरं सांगायला लागतात: भांडी कोणी घासली नाहीत, कोण सेल्फी काढत बसलं होतं. तिथून पुढे शिबीर त्यांचं होतं.

सर्वेक्षणाचे फॉर्म विभागाच्या कपाटात जाण्याआधी त्यातली ठळक माहिती ग्रामसभेत वाचून दाखवायची, तीही ज्यांनी घरोघर फिरून ती गोळा केली त्यांनी. आणि मे महिन्यात कोण गावात परत जाऊन केलेलं काम बघणार, त्या दोघांची नावं शिबिरातच ठरवा. तुझं शेवटचं वर्ष आहे, तेव्हा त्यात तुझं नाव नको.

नवी यादी शुक्रवारपर्यंत पाठव. तुझ्या नावापुढे दोनच कामं चालतील, कोणती ती तू ठरव. अवजारांसाठी मी ग्रामसेवकांना फोन करणार होतो, पण तोही तुमच्यातल्याच कुणाला तरी करू दे. नंबर सोबत देतो आहे.

तुझा,
सर