जळक्या ऑइलवर (इंजिनातून काढलेल्या जुन्या तेलावर) चालणारा गॅरेजचा हीटर स्वतः बनवायचाय. 200 लिटरचं पिंप चालेल का, ब्लोअर लावावाच लागतो का आणि दिवसाला तेल किती जातं?

ब्लोअर लागत नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण या एका गोष्टीवरून आमच्या घरात 2018 पासून वाद चालू आहे.

आमचं गॅरेज ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. पुण्याकडच्या पाहुण्यांना वाटतं मध्य प्रदेश म्हणजे नुसतं ऊन. त्यांनी जानेवारीत सकाळी आठला इथे येऊन गाडीखाली फरशीवर आडवं पडून दाखवावं. पारा 4-5 अंशांवर, धुकं इतकं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाही. बोटं आखडतात, नट सुटतो आणि नेमका हात जात नाही अशा जागी जाऊन बसतो. पोरं आधी खोकी जाळायची, मग टायरचे तुकडे. डोळे चुरचुरायचे, गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं. आणि कोपऱ्यात जळक्या ऑइलची पिंपं भरून पडलेली.

म्हणून हीटर केला. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम खाली, त्यात तेल पडतं. त्यावर भोकं पाडलेला जाड पाईप, भोकांतून हवा आत जाते. बाहेरून ट्रकची एअर टाकी कापून कवच, वर 6 इंची धुराडं, पत्र्यातून सरळ 15 फूट. तेल वरच्या टाकीतून तांब्याच्या नळीने, मध्ये निडल व्हॉल्व्ह, म्हणजे तेल थेंब-थेंब सोडता येईल असा बारीक नळ. बास.

संक्रांतीला ताई आणि जिजाजी पुण्याहून आले होते. जिजाजी मेकॅनिकल इंजिनिअर. हीटरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "अरे, याला हवा कोण देणार? ब्लोअर लाव, लोहाराच्या भट्टीसारखा फुलेल."

"जिजाजी, धुराडं उंच आहे, ते ओढेल हवा."

"ओढेल म्हणे! इंजिनिअर तू की मी?"

आठला पेटवला. दहा मिनिटं काळा धूर, मग ड्रम तापला आणि ज्योत पिवळी, स्वच्छ. जिजाजी गप्प. माझी छाती फुगली. आम्ही चहा घेतला, ताईने आणलेली गूळपोळी खाल्ली, मी एका गाडीचा क्लच उतरवायला घेतला. साडेदहाच्या सुमाराला हीटर घुमायला लागला. वळून बघतो तर धुराड्याचा खालचा हात-दीड हात भाग लालबुंद! धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, पण ड्रममध्ये तेल साचलं होतं, ते जळतच राहिलं. आमचा पोरगा पाण्याची बादली घेऊन पळत आला. "पानी मत डालना!" एवढ्या जोरात मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. पेटत्या तेलावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चारी बाजूंना उडतं. रेती टाकली, वीस मिनिटांत शांत झालं. जवळच्या गाडीचा बंपर मऊ होऊन वाकला, तो मी पदरचे पैसे घालून बदलून दिला.

जिजाजींचा निकाल जागेवरच: "बघ, ब्लोअर असता तर असं झालं नसतं." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, पंगतीत: "आमच्या मेहुण्याने गॅरेज पेटवलं होतं, ऐकलंय का?"

आता खरं कारण ऐका. गार सकाळी ऑइल काकवीसारखं दाट असतं. टाकी हीटरपासून जेमतेम तीन फुटांवर टांगलेली. हीटर तापला, टाकी तापली, तेल पातळ झालं आणि आठ वाजता थेंब-थेंब पडणारं तेल त्याच व्हॉल्व्हमधून दहाला धारेने पडायला लागलं. यात हवेचा काय संबंध? टाकी लांब ठेवा आणि पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी व्हॉल्व्ह बघा.

उलट ब्लोअरचं ऐका. लाईट गेली की ब्लोअर बंद, तेल मात्र चालूच. तापलेल्या ड्रमवर त्याची वाफ होते, ज्योत विझलेली असली तर ती वाफ आत कोंडते. लाईट आली, ब्लोअरने हवा घातली की भडका. लाईट जाताच आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह तेलाच्या नळीत असेल तरच ब्लोअर लावा. हे मी जिजाजींना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी हवापाण्याचा विषय काढला. हां, पेटवताना ब्लोअरने धूर कमी होतो, हे मान्य. तेवढंच मान्य.

तेलाचं म्हणाल तर एका लिटरमधून साधारण 10 युनिट (kWh) उष्णता मिळते. माझा हीटर तासाला पाऊण लिटर खातो, आठ तासांचे 6 लिटर. म्हणजे दिवसाला दोन गाड्यांची सर्व्हिसिंग. तेल पंधरा दिवस पिंपात निवळू द्या, पाणी खाली बसतं, वरचं तेवढं गाळून घ्या. पाणी आलं तर तडतडतं आणि ज्योत विझते. विझली तर ड्रम पूर्ण गार होईपर्यंत पुन्हा काडी लावायची नाही. माझ्या भुवया एकदा गेल्यात. पेटवायला डिझेलचं फडकं, पेट्रोल कधीच नाही.

पिंपाचं: पत्रा पातळ असतो, बाहेरच्या कवचाला चालेल, पण आत तेल जळतं तिथे एक हिवाळासुद्धा टिकणार नाही. कापण्याआधी आत काय होतं ते विचारा. थिनरच्या रिकाम्या पिंपावर ग्राइंडर लावणं म्हणजे बॉम्ब फोडणं.

शटर खालून फूटभर उघडं ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटर जमिनीपासून दीड फूट उंच हवा, कारण पेट्रोलची वाफ जड, फरशीवरून सरकत येते. ब्रेक क्लीनर किंवा कूलंट मिसळलेलं तेल जाळू नका. राखेत जस्त, शिसं असतं, ती तोंडाने फुंकू नका. आणि हो, 2016 च्या नियमांप्रमाणे जळकं ऑइल धोकादायक कचऱ्यात येतं, ते अधिकृत रिसायकलरला द्यायचं असतं, त्यातून पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नवं ऑइल बनवायचं मूळ तेल, निघतं. हे मी सुरुवातीला लिहायला हवं होतं.

टाकी इतकी जवळ का टांगली होती? नळी कमी पडली आणि संक्रांतीमुळे दुकान बंद होतं. दोन दिवस थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं, पण जिजाजी दुसऱ्याच दिवशी परत जाणार होते आणि मला त्यांना हीटर चालवून दाखवायचा होता. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते फक्त व्हॉट्सॲप वाचतात, म्हणून इथे लिहितोय.