आजोबांचं व्हायोलिन उघडून बसलेल्या पोराचं काय करायचं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं, आणि खरं सांगू तर दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मी नकळत पोराच्या बाजूने वाचत गेलो आणि मग म्हटलं थांब बावा, फी भरणाऱ्यांच्या बाजूनेही एकदा वाच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई नागपूरच्याच, मुलगा बारावी सायन्स झालाय, मार्क ठीकठाक, जेईईसाठी ड्रॉप घ्यायचं ठरलं होतं, क्लासची अर्धी फी भरूनही झाली. मे महिन्यात एका दुपारी भिंतीवर टांगलेल्या आजोबांच्या व्हायोलिनमधून फट् असा आवाज आला आणि वरची फळी एका बाजूने सुटली. तेव्हापासून पोट्टा गॅलरीत पटाशी, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसून राहिला, आणि आता म्हणतो मला व्हायोलिन बनवायचं शिकायचंय, इटलीत क्रेमोना म्हणून गाव आहे, तिथे शाळा आहे. वडील म्हणतात, म्हणजे सुतार व्हायचंय का तुला. ताई विचारतात, यात पोट भरतं का, आणि भरत नसेल तर त्याला समजवायचं कसं.

तर पहिले ते फट् झालेलं.

व्हायोलिनचे जोड सरसने चिकटवतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून करतात तो जुना गोंद, आधी पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचा, वास येतो, घरात करणार असेल तर तुम्हाला कळेलच. आणि वरची फळी चिकटवताना तो मुद्दाम जरा पातळ करून लावतात, म्हणजे वेळ आली तर जोड सुटावा पण लाकूड चिरू नये. आता आपल्याकडचा मे महिना बघा ना, दुपारी पंचेचाळीस डिग्री आणि हवा कोरडी ठक्क, लाकूड आकसतं, आणि रात्री कूलर लागला की तीच खोली ओलसर होते, लाकूड परत फुगतं. या ओढाताणीत कुठेतरी काहीतरी सुटणारच. सुटलेला जोड परत लावणं हे थोडक्यातलं काम आहे, चिरलेली फळी मात्र जन्माची डोकेदुखी. म्हणजे तुमच्या घरी जे झालं त्यात व्हायोलिन बिघडलं नाही, बनवणाऱ्याने ठरवलं होतं तसंच ते वागलं.

हे मला माझ्या स्वतःच्या नुकसानीतून कळलं. कॉलेजात असताना माझ्या व्हायोलिनचा असाच जोड सुटला होता, एका दुकानात दिलं, त्यांनी फर्निचरला लावतात तो पांढरा गोंद भरून शिकंजा लावून दिला, एकदम मजबूत, मी खूश. दोन वर्षांनी आतली एक पट्टी सुटली म्हणून ते परत उघडायची वेळ आली तर जोड काही केल्या सुटेना, शेवटी फळीचे तंतूच्या तंतू उपटून निघाले. त्यानंतर ते वाद्य पहिल्यासारखं कधी वाजलंच नाही. त्या दुकानदाराला दोष तरी काय देऊ, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आणि मी तिच्यापाशीच अडकलो. तुम्ही लिहिलंय की तो व्हायोलिन कानाशी धरून बोटाच्या सांध्याने कडेकडेने टकटक करत फिरत होता आणि आम्हाला वाटलं याचं डोकं फिरलं. ताई, चांगला रिपेअरवाला पहिले हेच करतो! जोड घट्ट असेल तिथे आवाज भरीव येतो, सुटला असेल तिथे फुसका किंवा जरा खरखर येते, मग त्या जागी खडूने बारीक खूण करायची. हे त्याने कुठे व्हिडिओत पाहिलं असेल किंवा आपलं आपण शोधलं असेल, मला दोन्ही चालतं. पण घरात सगळे ओरडत असताना तो पूर्ण कड फिरला, हे मी त्याच्या बारावीच्या मार्कांपेक्षा जास्त धरतो.

वडिलांना सांगा, हो, सुतारकामच आहे, त्यात लपवण्यासारखं काय. फक्त मोजमाप वेगळं. वरची फळी स्प्रूसची, मधे जेमतेम तीन मिलिमीटर, मागची मेपलची, मधे चार-साडेचार आणि कडेकडे जाताना अडीचपर्यंत उतरत गेलेली, आणि हे सगळं सपाट पाटीवर नाही तर आतून बाहेरून कोरलेल्या उंचवट्यावर. त्यावर चार तारांचा मिळून वीस किलोच्या वर ताण असतो आणि ते शंभर-दोनशे वर्षं टिकायला पाहिजे. लकडगंजमध्ये जाऊन चांगलं सागवान आणलं की झालं, असं नाही होत. आपलं चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं, कौतुकच आहे, पण व्हायोलिनला ते नको, जड पडतं आणि तेलकट असतं. वरच्या फळीला हलकं आणि तरी ताठ लाकूड लागतं, थंडीत हळूहळू वाढलेलं, ज्याच्या वर्षारेषा एकमेकींना चिकटून असतात, म्हणून क्रेमोनावाले आल्प्समधलं स्प्रूस घेतात.

आता क्रेमोना. पोरगं काही हवेत बोलून नाही राहिलं. सोळाव्या शतकात व्हायोलिन बनवणारा आंद्रेआ अमाती तिथलाच, मग स्ट्रॅडिव्हरी, ग्वार्नेरी, सगळे त्याच गावचे. आजची शाळा १९३८ पासूनची आहे, सरकारी आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने तिथल्या व्हायोलिन बनवण्याच्या कलेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच नोंदीत एक आकडा आहे जो मी प्रत्येक आईबापाला सांगेन: तिथला एक कारागीर सत्तरच्या वर लाकडी तुकडे हाताने जोडून वर्षाला तीन ते सहा वाद्यं बनवतो. वर्षाला, ताई. म्हणजे एकेक वाद्य भारी किमतीला गेलं तरच घर चालतं, आणि भारी किंमत नावाला मिळते, नाव व्हायला निम्मं आयुष्य जातं, आणि त्या गावात आधीच दुकानाला लागून दुकान आहे. जर्मनीत मिटेनवाल्डलाही शाळा आहे, १८५८ पासूनची, तिथे शिकवणं जर्मनमध्ये, क्रेमोनाला इटालियनमध्ये. इंग्लिश येतं म्हणून भागेल असं समजू नका.

स्ट्रॅडिव्हरीच्या आवाजाचं गुपित म्हणे त्याच्या व्हार्निशमध्ये आहे, असं वगैरे पोराने तुम्हाला सांगितलं असेलच, या वयात सगळे तिथूनच सुरू होतात. त्याला इंडियानापोलिसचा प्रयोग वाचायला सांगा. २०१० मध्ये एका हॉटेलच्या खोलीत एकवीस वादकांना अंधुक चष्मे घालून तीन जुनी इटालियन आणि तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, जुन्यात दोन स्ट्रॅडिव्हरी. कोणतं जुनं कोणतं नवं हे बहुतेकांना धड ओळखता आलं नाही, आणि घरी न्यायला आवडेल असं निवडताना जास्त जणांनी नवंच निवडलं. म्हणजे गुपित वगैरे कमी आणि हात जास्त. तुमच्या मुलासाठी ही चांगली बातमी आहे, आणि वाईटही, कारण मग हात घडवण्याला पर्यायच उरत नाही.

पोटाचं विचारलंत तर माझं स्पष्ट मत: नागपुरात बसून फक्त नवीन व्हायोलिनं बनवून घर चालणार नाही. शिकणारा विद्यार्थी चीनमधल्या फॅक्टरीतलं स्वस्त व्हायोलिन घेतो, त्याच्याशी हाताने बनवलेलं भावात टिकूच शकत नाही. पण हीच फॅक्टरीतली व्हायोलिनं दुकानातून निघतात तेव्हा घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, उंच असते, खुंट्या उन्हाळ्यात घसरतात आणि पावसाळ्यात जाम होतात, साउंडपोस्ट, म्हणजे पोटातली उभी काडी, भलतीकडे उभा असतो, आणि क्लासमधलं पोर बिचारं समजतं की आपल्यालाच वाजवता येत नाही. हे नीट करून देणारा माणूस गावात शोधावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या संगीतातल्या मुलांपैकी कोणी वाद्य पुण्याला पाठवतं, कोणी मुंबईला, आणि ते येईपर्यंत रियाज बंद. गजाला घोड्याच्या शेपटीचे नवे केस भरणं, घोडी कापणं, खुंट्या बसवणं, जोड लावणं, यात रोजचा पैसा आहे. सोबत गिटारचं काम शिकला, फ्रेट घासणं, मोडलेली मान जोडणं, तर गिऱ्हाईक कितीतरी पटीने वाढतं. गिटार म्हटलं की तो नाक मुरडेल, मुरडू द्या, नळाचं बिल व्हायोलिनच्या प्रेमाने भरत नाही.

आणि शिकायचं कुठे, तर एकदम इटलीचं तिकीट कशाला, पहिले मिरज. महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरवरून थेट जाते, लांबचा प्रवास आहे, डबा जास्तीचा द्या. तिथे सतार-तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करून राहिले, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगही मिळाला. या धंद्याचा मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेब शिकलगारांचं नाव घेतात, एकोणिसाव्या शतकातले, आणि शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे! तलवारींचं काम कमी झालं तसे ते हात तंबोऱ्याकडे वळले. व्हायोलिन तिथे शिकायला मिळेल म्हणून नाही सांगत मी. तिथे जव्हारी लावताना बघू द्या त्याला: घोडीवर तार टेकते ती जागा कारागीर जरा घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत जरा घासतो, अर्धा दिवस त्यातच जातो. व्हायोलिनचा साउंडपोस्ट सरकवणं अगदी तसंच. पेन्सिलएवढी स्प्रूसची काडी, कशानेही न चिकटवता वरच्या आणि मागच्या फळीमधे नुसती दाबून उभी, एफच्या आकाराच्या भोकातून वाकडी सळई घालून ती केसाएवढी सरकवायची आणि आख्खा आवाज बदलतो. इटालियनमध्ये तिला आनिमा म्हणतात, आत्मा. ज्याला असा अर्धा दिवस बसून कंटाळा येतो त्याने इंजिनिअरिंगच करावं, त्यात काही कमीपणा नाही.

वडिलांसाठी आणखी एक. सी. व्ही. रामन १९१० मध्ये आपल्या नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते, पुढे कलकत्त्याला गेले आणि १९१८ मध्ये व्हायोलिनच्या तारेवर गज घासला की ती नेमकी कशी हलते यावर त्यांनी मोठा निबंध लिहिला, नोबेल मिळायच्या बारा वर्षं आधी. तेव्हा या नादाचा आणि फिजिक्सचा छत्तीसचा आकडा आहे असं समजू नका. म्हणून मी म्हणतो, ड्रॉप कॅन्सल करा, क्लासवाल्यांकडून जेवढी फी परत मिळते तेवढी मागा (भांडा थोडं), आणि त्याला इथेच बीएस्सीला टाका, फिजिक्स घेऊन. कॉलेज सकाळचं बघा, दुपार त्याची. आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेडही वाईट नाही, पण तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं की घरात तो विषय काढला तर जेवणाची ताटं उडतील, तर राहू द्या.

दुपारी काय करायचं ते मात्र मी ठरवून देतो. पहिले दोन महिने फक्त धार. पटाशी, रंधा, धारेचा दगड, बस. हातावरचे केस निघतील इतकी धार रोज, न चुकता, आणि वाया गेलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्यांना रंधा मारून असा जोड करायचा की उजेडासमोर धरला तर मधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. व्हायोलिनची फळी अशीच मधोमध जोडलेली असते, त्यामुळे हे नाही जमलं तर पुढचं काहीच नाही. मग मेपलच्या तयार तुकड्यातून घोड्या कापायच्या, पहिल्या वीस फेकून द्यायच्या. दिवाळीनंतर क्लासवाल्या ओळखीच्या मुलांची स्वस्तातली व्हायोलिनं फुकट नीट करून द्यायची, फुकटच, पैसे घेतले की लोक बोलतात आणि अजून बोलणी खायची त्याची लायकी नाही. सोबत इटालियन किंवा जर्मन, ऑनलाइन, रोज अर्धा तास. आणि व्हायोलिन वाजवायलाही शिकायला पाहिजे बरं का, स्टेजवर बसायला नाही, पण स्वतः केलेल्या कामाचं काय झालं ते स्वतःच्या कानाने कळण्यापुरतं. आपले वादक मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवतात, तार खालच्या सुरात लावतात, त्यांना घोडी आणि खुंट्या कशा हव्या असतात हे इटलीत कोणी शिकवणार नाही, ते इथेच बघावं लागेल.

वर्षभराने पुढच्या मे मध्ये मला परत लिहा. धार लावणं त्याने सप्टेंबरातच सोडलं असेल तर तुम्हाला समजवायची गरजच पडणार नाही, तो आपणहून समजलेला असेल. आणि सोडलं नसेल तर मग बसून बाहेरच्या शाळेचं, व्हिसाचं आणि खर्चाचं बोलू, तोवर एज्युकेशन लोनचं नाव काढू नका.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच की ते व्हायोलिन भिंतीवरून काढा, कूलरच्या वाऱ्यातून तर काढाच, आणि पेटीत घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. तारा थोड्या सैल करा पण सगळ्या एकदम काढू नका, नाहीतर आतली ती काडी पडेल आणि पोट्टा रात्रभर टॉर्च घेऊन तीच शोधत बसेल. आणि तो पांढरा गोंद घरात असेल तर शेजाऱ्यांना देऊन टाका.