म्युनिकमधले ऑनलाइन मित्र: पहिली भेट, दुसरी भेट

ऑक्टोबरमध्ये मुलुंडहून म्युनिकला येताय, बुद्धिबळाच्या ऑनलाइन गटातले चौघं इथेच राहतात, आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष मैत्री कशी जमवायची असं तुम्ही विचारलंत.

त्यांच्याकडे उतरू नका. इथे राहायला आल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि तिला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. 'नुसता कागदापुरता पत्ता दे' म्हणालात तर मित्र खोट्या नोंदणीत अडकतो, त्यालाही दंड होऊ शकतो. ओळख बहुतेकदा इथेच नासते. पहिल्या महिन्याची जागा मुंबईतूनच ठरवा आणि त्या पत्त्यावर नोंदणी होईल का, हे आधीच लेखी विचारून घ्या.

निघण्यापूर्वी प्रत्येकाशी एकदा तरी व्हिडिओवर बोला. रविवारी इथले सकाळचे 11 म्हणजे तुमचे दुपारचे अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन.

पहिल्यांदा एकालाच भेटा, फार तर दोघांना. चौघं एकत्र आले की जर्मनमध्ये रंगतात आणि पाहुणा नुसता हसत बसतो. रविवारी दुकानं बंद, पण आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयाचं तिकीट त्या दिवशी 1 युरो. तासभर चित्रं, मग कॉफी. घडीचा पट सोबत असू द्या. पडद्यावर रात्र रात्र लिहिणारा माणूस समोर आला की पाच मिनिटांत गप्प होतो. डाव मांडला की ती शांतता जड वाटत नाही. (घड्याळ नको, स्पर्धा होते.)

11 म्हणजे 11. 'पाच मिनिटांत पोचतो' हे मुंबईतच ठेवा. बिल ज्याचं त्यानं द्यायचं, ओढाताण नको. खाऊ म्हणून बाकरवडी आणा. पेढे आणि तूप नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

निघताना 'भेटू कधीतरी' म्हणू नका, तारीख विचारा. तीन आठवड्यांनंतरची मिळाली तर तो नकार नाही, इथल्या डायऱ्याच तशा भरलेल्या असतात.

तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर एखादं छोटं काम खुशाल सांगा, सरकारी पत्र समजावून द्यायचं वगैरे. त्यानं जवळीक वाढते. कपाट चौथ्या मजल्यावर चढवायला मात्र पैसे देऊन माणूस बोलवा.